टोकामॅकमधली भेसळ: टक्कर कोणाशी होते त्यावर सगळं

ऐरोलीकर (धागाकर्ता)

‘यंदा वीजबिल किती आलं’ या धाग्यावर नाना तलावपाळींनी कृत्रिम सूर्याचा, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढू पाहणाऱ्या संमीलन-यंत्रांचा, फॉरवर्ड डकवला आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली: "कोट्यवधी अंश झाले, वीस मिनिटं टिकलंही, मग घोडं पेंड कुठे खातंय?" तिकडे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

फॉरवर्ड या खेपेला बव्हंशी खरा आहे. चीनच्या ‘ईस्ट’ या टोकामॅकने (चुंबकांनी प्लाझ्मा कोंडणारं बांगडीच्या आकाराचं यंत्र) जानेवारी २०२५ मध्ये प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू, १०६६ सेकंद टिकवला, पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या ‘वेस्ट’ने १३३७ सेकंद. घोडं पेंड खातंय अशा जागा बऱ्याच आहेत. मी त्यातली एकच घेतो, कारण वर्तमानपत्रांत ती कधी येत नाही: प्लाझ्मातली भेसळ, आणि तिच्याशी होणाऱ्या टकरा.

साध्या वायूत रेणू जितके जास्त आपटतील तितका त्यांचा प्रवास मंद होतो. चुंबकीय क्षेत्रात बांधलेल्या प्लाझ्मात नेमकं उलटं घडतं. तिथे ड्युटेरियमचा, म्हणजे इंधनातल्या जड हायड्रोजनचा, आयन क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेत रेषेच्या दिशेने सुसाट पळतो, पण रेषेला आडवा जाऊ शकत नाही. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय टोकामॅकच्या ५.३ टेस्ला क्षेत्रात, १० कोटी अंशांच्या आसपास, या गिरकीची त्रिज्या चारेक मिलिमीटर भरते. कोणी धक्का दिला नाही तर आयन त्या रेषेला चिकटूनच राहील. धक्का बसला की गिरकीचा मध्य सरकतो. फुगडी रंगात आली असताना कोणी आपटलं तर फुगडी मोडत नाही, पण जोडी पाऊलभर सरकते, तसंच. थोडक्यात, भिंतीकडे जाणारी वाट इथे टक्करच उघडून देते.

टकरा किती होतात? प्लाझ्मा जितका दाट तितक्या जास्त. तापमान चौपट केलं तर त्या एक-अष्टमांशावर येतात, कारण वेगाने जाणाऱ्या कणाला दुसऱ्याच्या विद्युतभाराने वळवायला वेळच मिळत नाही. आणि समोरच्याचा भार दुप्पट असेल तर टकरा चौपट. हा भाराचा वर्ग लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

एवढ्यावर हिशोब मांडला तर ‘इटर’च्या दोन मीटर त्रिज्येच्या प्लाझ्मातून उष्णता निसटायला कित्येक मिनिटं लागायला हवीत. प्रत्यक्षात अपेक्षा आहे ती काही सेकंदांची. एवढा फरक का? पहिलं कारण यंत्राचा आकार. कड्यासारख्या पोकळीत आतल्या अंगाला क्षेत्र जोरकस, बाहेरच्या अंगाला दुबळं. रेषेच्या दिशेने ज्यांचा वेग कमी आहे असे कण जोरकस भागावरून उलटे फिरतात आणि त्यांच्या वाटेचा छेद केळ्यासारखा दिसतो. आता एका टकरीत सरकायचं अंतर गिरकीचं राहत नाही, अख्ख्या केळ्याच्या रुंदीचं होतं. सोव्हिएत रशियाच्या गालेएव आणि साग्देएव यांनी १९६८ मध्ये हे गणित मांडलं. याला निओक्लासिकल वाहतूक म्हणतात. दुसरं आणि मोठं कारण खळबळ, म्हणजे टर्ब्युलन्स. तापमानाचा उतार तीव्र झाला की प्लाझ्मात भोवरे उठतात आणि उष्णता बाहेर फेकतात. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत तर ही गळती निओक्लासिकल हिशोबाच्या शंभरेक पट निघते.

आता भेसळ. ती येते भिंतीतून. प्लाझ्माचे कण भिंतीवर आदळतात आणि तिथला एखादा अणू उडवून लावतात. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड, टंगस्टन, जे असेल ते. शिवाय संमीलनातून तयार होणारा हीलियम घरचाच.

कार्बन एक टक्का मिसळला तर त्याच्या ६ भारामुळे प्लाझ्माचा सरासरी परिणामी भार, ज्याला झेड-इफेक्टिव्ह म्हणतात, १ चा १.३ होतो आणि इंधनाची ६ टक्के जागा अडते. टंगस्टनचे ५०-५० इलेक्ट्रॉन त्या उष्णतेत निघून जातात. दहा हजारांत एक टंगस्टन धरा: ५० चा वर्ग २५००, त्यामुळे तेवढ्यानेच झेड-इफेक्टिव्ह पाव अंकाने वाढतो. आणि हा त्याचा सौम्य गुन्हा. खरा गुन्हा असा की ५० इलेक्ट्रॉन गेले तरी ७४ पैकी २४ उरतातच, आणि ते उष्णता क्ष-किरणांच्या रूपात बाहेर टाकत राहतात. कार्बन गाभ्यात पुरता नागडा होतो, त्याच्याकडे तसे इलेक्ट्रॉनच उरत नाहीत. म्हणून टंगस्टन दहा हजारांत एक झाला तरी संमीलन चालू ठेवणं कठीण, मर्यादा त्याच्याही खाली ठेवावी लागते.

प्रिन्स्टनच्या ‘पीएलटी’ यंत्राने १९७० च्या दशकात हे भोगलंय. प्लाझ्माची कड धरून ठेवणारा लिमिटर टंगस्टनचा होता. टंगस्टन मधोमध जाऊन बसला आणि प्लाझ्मा मध्यातच थंड, कडेला गरम, असा पोकळ झाला. मग लिमिटर कार्बनचा केला, तापवण्याची शक्ती वाढवली, आणि १९७८ मध्ये तेच यंत्र ६ कोटी अंशांवर पोचलं.

पण टंगस्टन मधोमधच का जातो? भिंतीशी जन्मलेला अणू सगळं सोडून गाभ्यात का शिरतो? प्रश्न आले तर लिहितो, आत्ता गाडी पकडायचीय.

कोपरीचा कावळा

ठाणे लोकलमध्ये पण असंच. दाराशी चढलेला माणूस मधोमध जाऊन बसतो. कसा, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

मंजिरी घणसोली

वाचतेय. केमिकलवाल्यांच्या डोक्यात विसरण म्हणजे ‘टकरा जास्त, विसरण कमी’ हे इतकं घट्ट बसलंय की तिसरा परिच्छेद तीनदा वाचला. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

नाना तलावपाळी

ऐरोलीकर, उत्तर दिलंत त्याबद्दल आभार. पण माझा संशय कायम. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेत अध्यक्षपदावरून खुद्द डॉ. होमी भाभा म्हणाले होते की दोन दशकांत नियंत्रित संमीलनाची रीत सापडेल. त्याला सत्तर वर्षं झाली. वाशीच्या खाडीपुलावरून ट्रॉम्बेचा डोंगर दिसला की मला हे हटकून आठवतं.

ऐरोलीकर

नाना, भाभा बोलले तेव्हा टोकामॅक हा प्रकारच जगाला ठाऊक नव्हता. आशा वाटण्याजोगे आकडे आले ते १९६८ मध्ये, रशियाच्या ‘टी-३’ यंत्राचे. पश्चिमेकडच्यांना ते इतके अविश्वसनीय वाटले की पुढच्या वर्षी इंग्लंडच्या कलहॅम प्रयोगशाळेतली माणसं आपला लेझर घेऊन मॉस्कोला गेली. मोजलं, आणि आकडे खरे निघाले. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला जे मुख्य काम चालतं ते विखंडनाचं. आपल्याकडे संमीलनाचं घर गांधीनगरजवळ, प्लाझ्मा संशोधन संस्थेत.

आणि वीज कधी, यावर मी बोलणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत.

वागळे वेल्डर

साहेब, वागळे इस्टेटला आमचं छोटं शेड आहे, स्टेनलेसचं काम. रोज टिग चालतो. टंगस्टनचा रॉड, आर्गॉनचा सिलिंडर. रॉडचं टोक चुकून पातळ झालेल्या धातूला लागलं की आर्क फाकतो, मग ग्राइंडरवर टोक घासून घ्यावं लागतं. म्हणजे आमच्याकडे टंगस्टनला घाण लागते आणि तुमच्याकडे टंगस्टन हीच घाण. दोन प्रश्न. आमचा आर्क पण प्लाझ्माच ना? आणि एवढा त्रास आहे तर टंगस्टन लावताच कशाला?

ऐरोलीकर

दादा, तुमचा आर्क शंभर टक्के प्लाझ्मा. फरक दाटपणाचा. तुमचा आर्क हवेच्या दाबावर चालतो, तापमान दहा-वीस हजार अंशांचं, त्यामुळे कण केसाच्या जाडीएवढंही सरळ न जाता कोणावर तरी आपटतो. टोकामॅकचा प्लाझ्मा हवेच्या अडीच लाखांश भागाइतका विरळ आणि कोट्यवधी अंशांचा. तिथे एका मोठ्या टकरीचा परिणाम साधायला कणाला कित्येक किलोमीटर पळावं लागतं, कड्याभोवती शेकडो फेऱ्या मारत. म्हणून तुमच्याकडे टकराच राज्य करतात आणि तिथे चुंबक.

टंगस्टन का? एक कारण तुमचंच: वितळतो ३४२२ अंश सेल्सिअसला. दुसरं, ड्युटेरियम फार जोराने आदळल्याशिवाय त्याचा अणू उडत नाही. तिसरं कारण कार्बनचं पाप. कार्बनच्या फरशा उष्णतेला उत्तम, पण त्या झिजतात आणि झिजलेल्या थरात इंधनातला दुसरा जड हायड्रोजन, ट्रिटियम, अडकवून ठेवतात. ट्रिटियम किरणोत्सारी आणि महाग, तो भिंतीत साठणं परवडत नाही. म्हणून इंग्लंडच्या ‘जेट’ने २०११ पासून कार्बन काढून बेरिलियमची भिंत आणि टंगस्टनचा डायव्हर्टर लावला. डायव्हर्टर म्हणजे तळाशी जिथे बाहेर पडणारा प्लाझ्मा नेऊन आदळवतात ती जागा. ‘इटर’ही तसंच करणार होतं, पण २०२४ च्या नव्या आराखड्यात पहिली भिंतसुद्धा टंगस्टनचीच ठरली, वर बोरॉनचा पातळ थर देऊन. बेरिलियम विषारी, आणि १२८७ अंशांनाच वितळतं.

प्राजक्ता नेरूळ

सर, मी बारावीला आहे. शंका आहे. ड्युटेरियम ड्युटेरियमवर आपटला तर दोघांच्याही गिरकीचे मध्य सरकतील ना? मग भेसळ नसली तरी गळती होणारच. भेसळीला वेगळा दोष का द्यायचा?

ऐरोलीकर

प्राजक्ता, हा प्रश्न एमएस्सीची मुलंही विचारत नाहीत, म्हणून सविस्तर.

टकरीत दोघांना मिळणारा धक्का सारखा आणि उलट दिशेचा. गिरकीचा मध्य किती सरकणार? धक्का भागिले भार आणि क्षेत्र यांचा गुणाकार. दोघांचा भार सारखा असेल तर एक जेवढा बाहेर गेला तेवढाच दुसरा आत. बेरीज शून्य! ड्युटेरियमच्या आपसातल्या टकरांनी उष्णता सरकते, कारण गरम कण बाहेर आणि थंड कण आत अशी अदलाबदल होते. पण कणांची निव्वळ गळती होत नाही. इलेक्ट्रॉनशी टकरा होतात त्याने थोडी होते, पण इलेक्ट्रॉनचा धक्का तो काय!

आता समोर ५० भाराचा टंगस्टन आणा. धक्का दोघांना तोच, पण टंगस्टन सरकणार ड्युटेरियमच्या एक-पन्नासांश, आणि विरुद्ध दिशेला. एकूण भाराचा तोल साधायला एक टंगस्टन आत येताना पन्नास ड्युटेरियम बाहेर जावे लागतात. इंधन जाऊन कचरा येतो तो हा असा.

दिशा कोण ठरवतं? एका जागी उभा असलेला टंगस्टन कल्पून बघ. त्याच्या आतल्या बाजूला मध्य असलेले ड्युटेरियम गिरकी घेताना त्याच्याजवळून एका दिशेने जातात, बाहेरच्या बाजूला मध्य असलेले उलट दिशेने. इंधन गाभ्यात दाट असतं, म्हणून आतल्या बाजूचे संख्येने जास्त. त्यांचं घर्षण जिंकतं, आणि चुंबकीय क्षेत्रात त्या घर्षणाचा परिणाम म्हणजे टंगस्टनचं आत सरकणं. इंधनाची घनता गाभ्यात कडेच्या दुप्पट असेल आणि फक्त ही एकच क्रिया चालू असेल, तर भेसळीची घनता दोनचा घात भार इतक्या पटीने वाढते. कार्बनसाठी दोनचा सहावा घात, ६४ पट. टंगस्टनचा आकडा कॅल्क्युलेटरवर काढ आणि घाबरू नकोस.

घाबरायचं नाही, कारण तापमानाचा उतार उलटं काम करतो. गाभा गरम, कड थंड. बाहेरच्या बाजूचे ड्युटेरियम थंड, म्हणून ते टंगस्टनशी जास्त घट्ट टक्कर घेतात, आतले गरम नुसते सटकून जातात. आता घर्षण बाहेरच्यांचं जिंकतं आणि टंगस्टन बाहेर ढकलला जातो. याला टेम्परेचर स्क्रीनिंग म्हणतात. साध्या हिशोबात घनतेच्या उतारातून तापमानाच्या उताराचा निम्मा भाग वजा होतो. म्हणजे घनता सपाट आणि तापमान टोकदार ठेवलंत तर भेसळ बाहेर. उलट केलंत तर ‘पीएलटी’.

प्राजक्ता नेरूळ

कॅल्क्युलेटरवर काढलं. एकापुढे पंधरा शून्यं. थँक यू सर!

अर्धवट अभियंता

मस्त. पण मग खळबळ? वर तुम्ही म्हणालात की खरी वाहतूक तिचीच.

ऐरोलीकर

आणि हाच मला या विषयातला सगळ्यात गंमतीचा भाग वाटतो. खळबळीला कोणाचा भार किती याचं फारसं सोयरसुतक नसतं. ती सगळ्यांना ढवळून काढते, त्यामुळे टंगस्टनचा मधला ढीगही विस्कटतो. उष्णतेच्या दृष्टीने ती चोर, भेसळीच्या दृष्टीने झाडूवाली. १९८२ मध्ये गार्चिंगच्या ‘आस्डेक्स’वर फ्रिट्झ वाग्नर यांना एच-मोड सापडला, कडेची खळबळ आपोआप दबली आणि उष्णता कोंडून राहू लागली. पण त्याच कोंडमाऱ्यात भेसळही अडकते. कडेला मधूनमधून जे उद्रेक होतात ते भेसळ धुऊन काढतात, पण डायव्हर्टरला झोडपतात. गाभ्यात खळबळ मुद्दाम जागी ठेवायला मधोमध सूक्ष्मलहरींनी तापवतात. ‘आस्डेक्स अपग्रेड’ने २००७ मध्ये सगळी भिंत टंगस्टनची केली, तेव्हापासून त्यांचा हा नेहमीचा उपाय आहे.

टकरांचा अजून एक छुपा हात आहे. खळबळ स्वतःच प्लाझ्मात गोल फिरणारे प्रवाह तयार करते आणि ते प्रवाह तिचे भोवरे फाडतात. टकरा या प्रवाहांना ओसरवतात. शिवाय टकरा कमी झाल्या की घनता गाभ्यात टोकदार होत जाते, हे ‘जेट’ आणि ‘आस्डेक्स अपग्रेड’ दोन्हीकडे दिसलंय. संमीलनाला ते बरं, पण वर प्राजक्ताला सांगितलेल्या कारणाने टंगस्टनलाही.

मंजिरी घणसोली

मग भेसळ शून्यावर आणणं हेच ध्येय का? आमच्याकडे तर कधी कधी मुद्दाम विष टाकतात, कॅटलिस्ट फार तापट होऊ नये म्हणून.

ऐरोलीकर

ताई, नाही, आणि तुमची नजर बरोबर जागी गेली. कडेला भेसळ हवीच! बाहेर पडणारी उष्णता डायव्हर्टरच्या अरुंद पट्ट्यावर आदळते, टंगस्टनही टिकणार नाही इतकी. म्हणून तिथे निऑन, नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडतात. ते उष्णता प्रकाशाच्या रूपात चहूकडे पसरवतात आणि डायव्हर्टरजवळचा प्लाझ्मा पार थंड होतो. जी सवय गाभ्यात शाप, तीच कडेला पगारी कामाची. हलके वायू यासाठी बरे, कारण गाभ्यात त्यांचे इलेक्ट्रॉन संपतात आणि ते गप्प बसतात.

कधी त्याहून जास्तही मिळतं. जर्मनीच्या ‘टेक्स्टॉर’वर १९९० च्या दशकात निऑन सोडल्यावर प्लाझ्मा उष्णता अधिक चांगली धरू लागला. निऑनने इंधन विरळ होतं आणि एक प्रकारची खळबळ मंदावते. ‘जेट’ला धातूची भिंत लावल्यावर कडेचा दाब घसरला होता, नायट्रोजनने तो बराचसा परत आला.

तुमच्यासाठी खास: नायट्रोजन आणि हायड्रोजनची भावंडं भिंतीपाशी भेटली की अमोनिया तयार होतो, आणि त्यात ट्रिटियम असेल तर तो अमोनिया वेगळा काढणं ही डोकेदुखी. म्हणून ‘इटर’ची पहिली पसंती निऑन.

मंजिरी घणसोली

ट्रिटियमवाला अमोनिया! आमच्या सेफ्टीवाल्यांना सांगते, झोप उडेल.

वागळे वेल्डर

आर्गॉन तिकडेही लागतो हे वाचून बरं वाटलं. भाव विचारत नाही.

नाना तलावपाळी

आपल्या गांधीनगरवाल्यांचं यात काय? का फक्त भांडी घडवून देतो?

ऐरोलीकर

नाना, ते भांडंही साधं नाही. ‘इटर’चा क्रायोस्टॅट, म्हणजे अख्ख्या यंत्राला वेढणारं निर्वात भांडं, सुमारे २९ मीटर उंच आणि तितकाच रुंद, भारताने दिलाय, त्याचे भाग हजिऱ्याला घडले. पण प्रयोगही आहेत. ‘आदित्य’ टोकामॅक १९८९ पासून, आता सुधारून ‘आदित्य-यू’. मोठी त्रिज्या पाऊण मीटर, म्हणजे लहान यंत्र. तिथे ग्रॅफाइटचा लिमिटर, आणि भिंतीवर लिथियमचा थर देऊन पाहिलाय. लिथियमचा भार ३, झिजला तरी वर्ग ९ च. शिवाय तो ऑक्सिजन धरून ठेवतो.

उत्तरेचा वारा

मूळचा वाशीचा, आता जर्मनीत. एक भर घालतो. स्टेलरेटरमध्ये, म्हणजे पिळदार चुंबकांनी प्लाझ्मा कोंडणाऱ्या टोकामॅकच्या चुलतभावात, हे गणित पुन्हा पालटतं. तिथे काही कण अशा खोबणीत सापडतात की टक्कर झाली नाही तर ते हळूहळू भिंतीकडे वाहत जातात. म्हणजे तिथे टकरा कमी झाल्या की गळती वाढते, आणि तापमानाच्या साडेतिनाव्या घाताने वाढते. ग्राइफ्सवाल्डच्या ‘वेंडेलश्टाइन ७-एक्स’ची वेडीवाकडी चुंबकं मुख्यतः ही गळती दाबण्यासाठी तशी आहेत. आणि आयनांची गळती जास्त असली की आतल्या दिशेचं विद्युतक्षेत्र तयार होतं, ते भेसळीला भाराच्या प्रमाणात आत ओढतं.

ऐरोलीकर

वारा, उत्तम भर. यावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

अर्धवट अभियंता

शेवटची शंका. हीलियम ‘घरचाच’ म्हणालात आणि पुढे गेलात. तो तर थांबवताच येणार नाही.

ऐरोलीकर

थांबवायचा नाहीच. ड्युटेरियम-ट्रिटियमच्या प्रत्येक संमीलनातून एक हीलियम ३५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन जन्मतो आणि त्याच ऊर्जेवर पुढचा प्लाझ्मा गरम राहायचा असतो. न्यूट्रॉन १ कोटी ४१ लाख घेऊन बाहेर पळतो, त्याला चुंबक धरत नाही. हीलियमने आपली ऊर्जा टकरांतून आधी मुख्यतः इलेक्ट्रॉनना द्यायची आणि मग निघून जायचं. रेंगाळला तर नुसती राख, इंधनाच्या दोन-दोन जागा अडवणारी. ढोबळ अट अशी: उष्णता प्लाझ्मात जितका वेळ टिकते, त्याच्या पाच ते दहा पटींपेक्षा जास्त काळ हीलियम यंत्रात राहता कामा नये. भार फक्त २, त्यामुळे टंगस्टनसारखा तो आत ओढला जात नाही, खळबळ त्याला कडेपर्यंत आणून सोडते. पुढे डायव्हर्टरखालच्या पंपांनी त्याला उचलायचं. ‘जेट’च्या २०२३ च्या शेवटच्या मोहिमेत ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल निघाले, पण ते पाचेक सेकंदांत, त्यामुळे राख साठायला वेळच मिळाला नाही. ही परीक्षा व्हायची आहे ती ‘इटर’वर, जिथे स्पंद ३०० ते ५०० सेकंदांचे असतील.